नॉर्वेत वेमॉर्कला जाताय तर क्रोसोबानेन रोपवे चुकवू नका
दुसऱ्या महायुद्धात जर्मनांना अणुसंशोधनासाठी इथलं जड पाणी (जड हायड्रोजन असलेलं पाणी) मिळू नये म्हणून १९४३ मध्ये केलेला घातपात सोडला तर वेमॉर्कच्या या जुन्या वीजकेंद्रात बघण्यासारखं काही नाही, असं इथे कुणीतरी लिहिलंय, ते अजिबात पटलं नाही. अहो, तो जनरेटरचा हॉल म्हणजे तिथला जीव आहे! १९११ मध्ये सुरू झालं तेव्हा जगातलं सगळ्यात मोठं जलविद्युत केंद्र, आणि वीज कशाला, तर खाली र्‍युकानमध्ये हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवायला. ओळीने दहा अजस्र यंत्रं, मी एकाच्या गार लोखंडावर हात ठेवून कितीतरी वेळ नुसता उभा होतो.

आणि इथे कुणीच लिहिलं नाही म्हणून सांगतो, र्‍युकान गाव इतक्या खोल दरीत आहे की हिवाळ्यात जवळपास सहा महिने ऊन पोचत नाही, म्हणून खत बनवणाऱ्या नॉर्स्क हायड्रो कंपनीने १९२८ मध्ये लोकांना वर उन्हात जाता यावं यासाठी क्रोसोबानेन हा रोपवे बांधून दिला, तो आजही चालतो. त्यात बसाच.