अनुभव धागा: अचानक सोडून गेलेले सर परत आले का?

सॉल्टलेकवासी
कपाट आवरताना यूटा जॅझ या अमेरिकी बास्केटबॉल संघाच्या सामन्याचं जुनं तिकीट सापडलं. ९ फेब्रुवारी २०११, शिकागो बुल्सविरुद्ध. जॅझचे प्रशिक्षक जेरी स्लोन यांचा शेवटचा सामना. मध्यंतरात संघातला खेळाडू डेरॉन विल्यम्सशी खटका उडाल्याची बातमी आली आणि दुसऱ्या दिवशी राजीनामा! २३ हंगाम सांभाळलेला संघ. नंतर दोन वर्षं रोज बघायचे, परत येतात का. २०१२ला शार्लट संघाच्या प्रशिक्षकपदाच्या मुलाखतीपर्यंत गोष्ट गेली, जमलं नाही. तुमच्या वाट्याला असे कोणी?

ऑरेंजसिटी
आमचे सर! ले-अपला, म्हणजे धावत रिंगजवळ जाऊन बॉल टाकताना, पाऊल चुकलं की शिटी. वरून निरोप आला, अमक्याच्या मुलीला संघात घ्या. सरांनी शिटी टेबलावर ठेवली, सायकल काढली, गेले. तीन आठवडे कोर्टवर शुकशुकाट. मग आम्ही आठ जणी घरीच धडकलो. काकूंनी तर्री-पोहे दिले. सर गप्प. निघताना दारात म्हणाले, "पोरींहो, उद्या सहाले या." शाळेत नाही, पलीकडच्या मैदानावर. रिंगला जाळी नव्हती. बॉल आत गेला की नाही यावरून रोज भांडायचो.

दोन_शिट्ट्या
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. आमच्या गाण्याच्या बाई गेल्या त्या गेल्याच. पेटी अजून आमच्याकडे आहे. ऑरेंजसिटी, तर्री मटकीची का गं?

जुना_गार्ड
स्लोनबरोबर फिल जॉन्सननीही त्याच दिवशी पद सोडलं. इतकी वर्षं शेजारी बसलेला सहायक! मला ते जास्त भिडतं. विल्यम्सलाही तेरा दिवसांत न्यू जर्सी संघाकडे पाठवलं. दोघंही गेले, संघाच्या हाती काय उरलं?

रात्रपाळी
स्लोननी १९७७मध्येही इव्हान्सव्हिल कॉलेजचं प्रशिक्षकपद पाच दिवसांत सोडलं होतं. त्याच डिसेंबरात त्या कॉलेजचं विमान कोसळलं, अख्खा संघ आणि प्रशिक्षक गेले. हे वाचलं त्या रात्री झोप लागली नाही.

सॉल्टलेकवासी
बाप रे, हे ठाऊक नव्हतं. जुना_गार्ड दादा, २०१३ला स्लोन जॅझकडे परतले, पण सल्लागार म्हणून. जानेवारी २०१४ला १२२३ आकड्याचा झेंडा छताला चढवला, साखळी आणि प्लेऑफ (बाद फेरी) मिळून जॅझसोबतचे त्यांचे विजय. माझ्या मनातलं परत येणं बाकाशेजारी उभं राहून ओरडण्याचं होतं. ते राहिलंच. २०२०ला गेले.

ऑरेंजसिटी
ताई, डोळे भरले. आमच्या सरांना आज फोन करते.
दोन_शिट्ट्या, तर्री काळ्या चण्याची हो, मटकीची नाही! कुकर बंद केला का?