ऑफर घेऊन नाही म्हटलं तर काय होतं? लवकर सांगा, उद्या ११ पर्यंतच वेळ आहे

चाकणवासी (मंगळवार, रात्री ९:४०)
सोमवारी जॉइनिंग आहे. आज संध्याकाळी दुसरीकडून जास्तीची ऑफर आली. पहिल्यांना काय कळवू? मेल टाकू, का फोनच उचलायचा नाही? मित्र म्हणतो सगळे असंच करतात. दुसऱ्या कंपनीला उद्या ११ पर्यंत हो किंवा नाही सांगायचंय. उपदेश नको, मजकूर तेवढा लिहून द्या.

ओवी (९:५२)
फील्ड कुठली? पहिलीचं ऑफर लेटर आहे की अपॉइंटमेंट लेटर? सही केली का? आत्ताच्या नोकरीचा राजीनामा दिलाय का? एवढ्या माहितीवर मजकूर लिहायला आम्ही काय ज्योतिषी आहोत?

जुगाडू_जय (९:५५)
भावा, डोक्याला ताप करून घेऊ नको. नंबर ब्लॉक कर, विषय संपला. मी आत्तापर्यंत तीन कंपन्यांना असं टांगलंय. कुणी दारात येत नाही.

खडूस_काका (१०:०३)
आम्ही १९८७ ला लागलो तेव्हा एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड दर तीन वर्षांनी रिन्यू करायला रांगेत उभे राहायचो. कॉल आला की आई देवापुढे साखर ठेवायची. तुम्हाला दोन-दोन नोकऱ्या नि वर तक्रार.

चाकणवासी (१०:१०)
ऑटो कंपोनंट. क्वालिटीला आहे, ६ वर्षं झाली. राजीनामा अर्थातच दिलाय, शुक्रवारी शेवटचा दिवस. पहिलीच्या (तळेगाव) लेटरवर सही करून पाठवलंय, मेडिकल पण झालं. वर्षाला ८.५ लाख देतायत. दुसरी रांजणगाव, ९.६. मजकूर लिहा ना कुणीतरी.

ओवी (१०:१४)
"अर्थातच" काय अर्थातच! हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. नोटीस किती दिवसांची, आणि पूर्ण केलीस का?

जुगाडू_जय (१०:१६)
मग तर अजून सोपं. तळेगावला जॉइन हो, दोन आठवडे काढ, पगार घे, तोवर रांजणगाववाल्यांना लटकव. घरात आजारपण म्हणून सुटायचं.

पासबुक (१०:२९)
जयचं अजिबात ऐकू नकोस. दोन आठवडे जरी हजर झालास आणि त्यांनी तुझ्या यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) पीएफ भरला, तर पासबुकात त्या कंपनीचा वेगळा मेंबर आयडी उघडतो आणि तो पुसला जात नाही. पुढची प्रत्येक कंपनी व्हेरिफिकेशनला सर्व्हिस हिस्टरी मागते. त्यात १४ दिवसांची नोकरी, वर एक्झिट डेट रिकामी. ती तारीख आपली आपण टाकता येते, पण शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने उलटल्यावर. तोवर दुसरीकडचा पीएफ सुरू झाला की तारखा एकमेकांवर चढतात, नि मग प्रत्येक मुलाखतीत त्याचा खुलासा देत बसायचं. माझ्या भाच्याचं पैसे ट्रान्सफर करायचं काम अशाच एका एंट्रीमुळे आठ महिने अडकलं होतं. नाही म्हणायचं तर पाय ठेवायच्या आधी म्हण.

म्युनिकमुक्कामी (१०:४१)
इकडे जर्मनीत नोकरी सोडताना कंपनीला लेखी प्रशस्तिपत्र द्यावंच लागतं, आणि त्यात वाईट लिहायची सोय नाही. म्हणून त्यांनी सांकेतिक भाषा काढलीय. "ह्यांनी नेहमी प्रयत्न केले" असं लिहिलं की समजायचं, गड्याला काही जमलं नाही. प्रोबेशनमध्ये दोन आठवड्यांची नोटीस, त्यानंतर कायद्याने किमान चार आठवडे, बऱ्याच करारांत तीन महिने.

ओवी (१०:४३)
मध्येच जर्मनी कुठून आली?

म्युनिकमुक्कामी (१०:४४)
माहितीसाठी हो.

चाकणवासी (१०:५०)
नोटीस ६० दिवस. ३५ भरले. उरलेल्याचा बायआउट (न भरलेल्या दिवसांचे पैसे) तळेगाववाले देणार आहेत. रांजणगाववाल्यांना मी लगेच जॉइन होऊ शकतो असं सांगितलंय.

पासबुक (१०:५८)
म्हणजे बायआउट अजून मिळालेला नाही. जुनी कंपनी २५ दिवसांचे पैसे फुल अँड फायनलमधून (शेवटच्या हिशेबातून) कापणार, आणि तळेगाववाले ते तू जॉइन झाल्यावर पावती बघून देणार. तिथे गेलाच नाहीस तर ते तुझ्या खिशातून गेले. आत्ता महिन्याचा ग्रॉस (कपातीआधीचा पगार) किती?

चाकणवासी (११:०१)
५२ हजार.

पासबुक (११:०४)
कपात ग्रॉसवर धरली तर साधारण ४३ हजार. काही कंपन्या फक्त बेसिकवर (मूळ पगारावर) कापतात, जुनं अपॉइंटमेंट लेटर काढून बघ. ९.६ वजा ८.५ एवढाच हिशेब तू केलायस.

इंद्रायणीकाठी (११:२०)
मी तळेगावकडेच एका कंपनीत एचआरला १४ वर्षं आहे (तुझी ही नव्हे, घाबरू नकोस). सोमवारी जॉइनिंग म्हटल्यावर आज मंगळवारी आमच्याकडे काय काय झालेलं असतं ते सांगते. सेफ्टी शूजचं माप घेऊन स्टोअरला इंडेंट (मागणीपत्र) गेलेलं असतं. युनिफॉर्मचे दोन जोड काढून ठेवलेले असतात. बसच्या ड्रायव्हरला सांगितलेलं असतं की सोमवारी ६:२० ला अमुक कोपऱ्यावर एक नवीन माणूस आहे. तो बिचारा दोन मिनिटं थांबतो, हॉर्न वाजवतो, मागून फर्स्ट शिफ्टवाले ओरडतात, शेवटी निघतो. नऊ वाजता खात्याचा मॅनेजर माझ्या टेबलाशी येऊन विचारतो, "आला का?" मी तुला फोन लावत असते. आमच्या स्टोअरमध्ये असे न आलेल्या माणसांचे सहा जोड बूट पडून आहेत.

बूट जाऊ देत. तुझी सही आली त्या दिवशी मी दुसऱ्या नंबरच्या मुलाला नकार कळवलेला असतो. आज-उद्या सांगितलंस तर त्याला पुन्हा फोन करता येतो. सोमवारी कळलं तर तोही कुठेतरी चिकटलेला असतो. ऑफर नाकारणं हा गुन्हा नाही, महिन्याला दोघं-तिघं नाकारतातच. जो फोन उचलत नाही तो मात्र आमच्या एक्सेलमध्ये लाल रंगात जातो. ह्या पट्ट्यातले एचआरवाले एकमेकांना ओळखतात, आमचे ग्रुप आहेत. पुढचं तूच समज.

जुगाडू_जय (११:३१)
वा ताई! आणि कंपन्या ऑफर मागे घेतात तेव्हा कुठला लाल रंग? माझ्या बहिणीला कॅम्पसमधून घेतलं, ११ महिने "लवकरच कळवू" करत ठेवलं, मग दोन ओळींचा मेल. तिने तोवर तीन मुलाखती सोडल्या होत्या. तुमच्याकडे फक्त उमेदवारानेच सभ्य वागायचं का?

इंद्रायणीकाठी (११:३८)
बहिणीच्या बाबतीत झालं ते चूकच. मी आमच्या मॅनेजमेंटशी ह्यावरून भांडलेय. पण म्हणून ह्याने त्या ड्रायव्हरला हॉर्न वाजवायला लावायचं?

जुगाडू_जय (११:३९)
ड्रायव्हर, ड्रायव्हर. पगार माझा आहे, ड्रायव्हर काय माझा मामा आहे?

कलमदान (११:४७)
वकिली करतो म्हणून लिहितो. सही केलेली ऑफर हा करारच. तरी कामावर हजर व्हायला कोर्ट कुणाला भाग पाडत नाही, स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट १९६३ चं कलम १४ बघा. पैशांचा दावा मात्र होऊ शकतो. रक्कम करारात लिहिलेली असेल तर कॉन्ट्रॅक्ट ॲक्ट १८७२ च्या कलम ७४ खाली त्या मर्यादेत वाजवी तेवढीच भरपाई मिळते. बाँड (मुदतीआधी सोडल्यास पैसे भरीन असं लिहून देणं) म्हणजे नुसता कागद, ह्या भरवशावर कुणी राहू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड वैध ठरवलाय. जॉइन न होणाऱ्यावर केस टाकलेली मी स्वतः पाहिलेली नाही, कारण वकिलाची फी त्याहून जास्त होते. तरी लेटरमध्ये "जॉइन न झाल्यास" असं काही कलम आहे का ते वाच.

खडूस_काका (११:५५)
चालू आर्थिक वर्षात दुसरी नोकरी धरताना आधीच्या पगाराचे आकडे नवीन कंपनीला द्या. नाही दिलेत तर दोघेही ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन धरतात आणि रिटर्न भरताना खिशातून टॅक्स जाऊ शकतो. दरवर्षी जुलैत माझ्याकडे रडत येतात.

ओवी (बुधवार, सकाळी ७:०५)
काका, ते अजून कुठेच लागलेले नाहीत. चाकणवासी, एक प्रश्न राहिला. रांजणगावचं लेटर हातात आहे ना?

चाकणवासी (७:२२)
लेटर नाही. एचआर फोनवर म्हणाला, तुम्ही ११ पर्यंत हो म्हणा, मग लेटर काढतो.

ओवी (७:२३)
अरे देवा.

पासबुक (७:२५)
म्हणजे जुनी नोकरी सोडलेली, पहिली ऑफर तू लाथाडणार, आणि दुसरी ऑफर म्हणजे एक फोन कॉल. हे शेवटी सांगतोयस!

इंद्रायणीकाठी (७:३४)
११ च्या आत मेल टाक: "ऑफरबद्दल आभार. सॅलरी ब्रेकअप (पगाराची फोड), पद, शिफ्ट आणि जॉइनिंगची तारीख लेखी मिळाली की त्याच दिवशी उत्तर देतो." चांगली कंपनी ह्यावर रागावत नाही. रागावली तर तिथे जायचं नव्हतंच असं समज. लेटर येईपर्यंत तळेगावला काही बोलू नकोस, आल्यावर मात्र तासाभरात बोल. आणि ब्रेकअपमध्ये व्हेरिएबल (पगाराचा कमी-जास्त होणारा भाग) किती आणि ग्रॅच्युइटी सीटीसीत (सांगितलेल्या वर्षाच्या एकूण आकड्यात) धरलीय का, ते आधी बघ.

एसटीप्रेमी (७:५०)
राहायला कुठे आहात?

चाकणवासी (७:५२)
मोशी.

एसटीप्रेमी (७:५८)
मोशीहून रांजणगाव रोज?? चाकण-शिक्रापूर रस्ता पावसाळ्यात बघितलाय का? शिक्रापूरच्या चौकातच अर्धं आयुष्य जाईल.

जुगाडू_जय (८:०१)
तळेगाव-चाकण काय स्वर्ग आहे का? हायवे तोच, ५४८ डी. चाकणच्या चौकाच्या ह्या बाजूला मरा नाहीतर त्या बाजूला.

एसटीप्रेमी (८:०४)
कंटेनर कुठे जास्त अडकतात ते मला शिकवू नका. २२ वर्षं त्या रस्त्याने जातोय.

चाकणवासी (दुपारी ४:१५)
रस्त्याचं नंतर बघू. लेटर आलं. ९.६ मध्ये ९६ हजार व्हेरिएबल, ग्रॅच्युइटी पण आतच. पासबुक दादांच्या पद्धतीने मांडलं तर फिक्स ८.४३ होतं. तळेगावचं ८.५ सगळं फिक्स आहे, ग्रॅच्युइटी वरून. म्हणजे पैसे सारखेच, उलट बायआउटचे ४३ जातील. पण तरी मला रांजणगावच हवंय.

पासबुक (४:२०)
का???

चाकणवासी (४:३१)
तिथे जनरल शिफ्ट (रोज दिवसाचीच) आहे. तळेगावला तीन शिफ्ट फिरत्या. बायको नर्स आहे, तिच्याही नाइट असतात. मुलगी दोन वर्षांची. सध्या आम्ही दोघं गेटवर भेटतो, ती आत येते नि मी बाहेर पडतो, मुलगी एका कडेवरून दुसऱ्या कडेवर. मागच्या महिन्यात दोघांची नाइट एकदम आली तेव्हा शेजारच्या काकूंकडे झोपवली होती. रात्रभर "बाबा कुठे" करत होती म्हणे.

ओवी (४:३३)
हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला काय झालं होतं तुला.

चाकणवासी (४:३५)
घरचं काय लिहायचं इथे.

इंद्रायणीकाठी (४:४०)
तळेगाववाल्यांना विचारलंस का, जनरल देता का म्हणून?

चाकणवासी (५:०२)
आत्ता विचारलं. लाइन क्वालिटीला जनरल नाहीच म्हणाले. अजून एक अडचण आहे. तिथे माझं नाव साडूंनी दिलं होतं, ते तिथे मेंटेनन्सला आहेत.

पासबुक (५:०३)
ह्या माणसाकडे अजून काय काय शिल्लक आहे?

खडूस_काका (५:१५)
मग एचआरच्या आधी साडूला फोन. त्याला कँटीनमध्ये दुसऱ्याच्या तोंडून कळलं तर दिवाळीत सासुरवाडीला एका ताटाला बसायचं कसं? मी माझ्या मेहुण्याशी एका स्कूटरवरून चार वर्षं बोलत नव्हतो.

इंद्रायणीकाठी (५:२२)
काकांचं बरोबर आहे. आधी साडू, मग एचआर, मग मेल. मेलचा मजकूर हा घे, इंग्रजीत करून टाक: "आपण दिलेली ऑफर मी स्वीकारली होती आणि सोमवारी हजर होणार होतो. घरच्या जबाबदारीमुळे फिरत्या शिफ्टमध्ये काम करणं मला शक्य होणार नाही, म्हणून मी जॉइन होत नाही. आपल्याला दुसरा उमेदवार बघता यावा म्हणून आजच कळवतो आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे." बस. दुसऱ्या कंपनीचं नाव नको, पगार नको, आजारपणाची थाप तर नकोच. फोनवर काही विचारलं तरी हेच सांग.

जुगाडू_जय (५:२५)
एवढं निबंधलेखन करण्यापेक्षा ब्लॉक केलं असतं.

चाकणवासी (शनिवार, सकाळी ११:१०)
अपडेट. साडूंनी "बरं" म्हणून फोन ठेवला, त्यानंतर उचलत नाहीत. मेहुणीने बायकोला सांगितलं की त्यांना खात्यात ऐकून घ्यावं लागलं. एचआरवाले साहेब एवढंच म्हणाले, "ठीक आहे, मेल करा." कॉल १ मिनिट ४० सेकंदांचा. मी आदल्या रात्री झोपलो नव्हतो. लेटरमध्ये जॉइन न होण्याबद्दल काही कलम नव्हतं. रांजणगाववाल्यांना बायआउटचं खरं सांगितलं, अर्धा देतो म्हणाले, तेही मेलवर मागून घेतलंय. काल शेवटचा दिवस झाला. रिलिव्हिंग लेटर फुल अँड फायनलबरोबर देणार आहेत.

ओवी (११:२०)
साडूंचं होईल हळूहळू. एकदा घरी जाऊन ये. मुलीला घेऊन जा.

एसटीप्रेमी (११:३२)
शिक्रापूर टाळायचं असेल तर सकाळी सहाच्या आत निघा.

म्युनिकमुक्कामी (११:४०)
इकडे शनिवारी कुणी कामाबद्दल बोलतही नाही.

डिप्लोमा_दीपक (दुपारी १२:०५)
दादा, तळेगावची तुमची जागा भरली का? मी डिप्लोमा मेकॅनिकल, दोन वर्षं क्वालिटीला, नाइट चालेल. साडूंचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का?

चाकणवासी (१२:०९)
साडूंचा नको रे बाबा. एचआरचा मेल आयडी देतो, व्यनि बघ.