मदत हवी आहे : हॅलोविनसाठी घरी भुतं आणि डोळे करतेय, चॉकलेटचा गोळा झालाय

शिल्पा_घोडबंदर
कुणी जागं आहे का? व्हाइट चॉकलेटची भुतं करायला घेतली, व्हिडिओतली बाई दोन मिनिटांत करते, माझं आधी छान पातळ झालं आणि मग एकदम रवाळ, घट्ट, पिठल्यात गाठी झाल्यासारखं. तूप घातलं तर तूप बाजूला आणि गोळा बाजूला. पाव किलो आहे, वाचेल का टाकू? शिवाय चायना ग्रासचे (जेलीसारखं बसतं ते) डोळे केले त्यातही पांढऱ्या कण्या दिसतायत. नवरा म्हणतो विकत आण, पण सोसायटीच्या ग्रुपवर मी आधीच 'खाऊ मी घरी करते' लिहून बसलेय. लवकर सांगा प्लीज.

नेरूळकर
पार्टी कधी, मुलं किती, ओव्हन आहे का, अंडं चालतं का? यातलं काहीच लिहिलं नाहीये. चॉकलेट कंपाउंड की खरं कोको बटरवालं? वितळवलं कशात?

शिल्पा_घोडबंदर
कंपाउंडचा स्लॅब, जांभळी नाक्यावरून आणलेला. मायक्रोवेव्हमध्ये.

मीठभाकर
सलग दोन मिनिटं लावलं असणार. मायक्रोवेव्हमध्ये ३० सेकंद लावायचं, काढून ढवळायचं, परत ३० सेकंद. पांढरं चॉकलेट काळ्यापेक्षा लवकर करपतं. मी तर म्हणते मायक्रोवेव्ह नकोच, पातेल्यात पाणी उकळा आणि वर काचेचा बाऊल ठेवा, मी पंधरा वर्षं असंच करतेय.

नेरूळकर
ताई, त्या पातेल्याच्या वाफेनेच माझा अख्खा बाऊल बसला होता. एक थेंब पुरतो. मायक्रोवेव्हच बरा.

मीठभाकर
पाणी खळखळ उकळत ठेवलंत तर बसणारच. बाऊल घातला की गॅस बंद करायचा असतो.

शिल्पा_घोडबंदर
अहो भांडू नका, मी ३० सेकंदच लावलं होतं. रंग घालेपर्यंत चांगलं होतं.

नेरूळकर
कुठला रंग???

शिल्पा_घोडबंदर
घरातलाच, बाटलीतला हिरवा, बर्फीत घालतो तो. मुलीला हिरवं भूत हवं होतं.

वाशीची_सुगरण
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचंस ना गं! तो रंग पाण्यातला असतो. चॉकलेट म्हणजे चरबीत पसरलेली साखर आणि दूध पावडर, त्यात दोन थेंब पाणी गेलं की साखर ओलसर होऊन एकमेकींना चिकटते आणि गोळा होतो. चॉकलेटला तेलातला रंग लागतो नाहीतर कोरडी पावडर. आता परत पातळ होऊन साच्यात ओतता येईल असं नाही होणार, पण टाकू नकोस. वर सुटलेलं तूप काढ, गरम क्रीम किंवा दूध चमचा चमचा घालत घोटत राहा, थोड्या पाण्याने बिघडतं पण जास्त ओलावा मिळाला की मऊ ग्यानाश, म्हणजे चॉकलेट-क्रीमचं दाट मिश्रण, होतं. फ्रीजमध्ये घट्ट कर, बिस्किटाचा चुरा मिसळ, लाडू वळ. हिरवे आहेत तर शेवाळाचे गोळे म्हणून खपव, मुलांना चालतं.

निवांत७७
मूळ मुद्दा वेगळाच आहे. आताच दिवाळी झाली, फराळाचे डबे अजून रिकामे नाहीत आणि आपण परक्यांची भुतं आणतोय. आपल्याकडे पितरांसाठी अख्खा पंधरवडा आहे, सर्वपित्री आहे. मुलांना ते माहीत आहे का?

खारघरचा_पक्या
काका, हॅलोविनही मुळात तसलाच प्रकार आहे. आयर्लंड-स्कॉटलंडकडचा जुना सण, सुगी संपून हिवाळा लागायचा, तेव्हा मेलेल्यांचे आत्मे फिरतात अशी समजूत. भोपळासुद्धा नंतर अमेरिकेत आला, आधी सलगम कोरायचे. तुम्ही कावळ्याला पान ठेवता, ते दारात दिवा ठेवतात.

निवांत७७
सलगम कोरा नाहीतर मुळा. मी माझं मत मांडलं.

नेरूळकर
धागा चॉकलेटचा आहे. शिल्पाताई, पार्टी कधी आणि मुलं किती ते अजून सांगितलं नाहीत.

शिल्पा_घोडबंदर
३१ ला, शुक्रवारी, म्हणजे परवा संध्याकाळी सातला, खाली लॉनवर. बावीस मुलं. सगळ्यात लहान तीन वर्षांचा. दोन घरं जैन आहेत आणि आमच्याच विंगमध्ये अंडं न खाणारे तिघं, त्यामुळे अंडं नाही, जिलेटिन नाही. ओव्हन आहे, छोटा ओटीजी. डोळ्यांचं कुणीच सांगितलं नाही.

अवली_आत्या
डोळ्यांसाठी दूध गार घातलंस का? चायना ग्रास साधारण चाळीस अंशाखाली आला की लगेच बसतो, फ्रीजमधलं दूध ओतलं की जिथे पडलं तिथेच कणी धरते. दुधासारखंच नारळाचं दूध. गरम करून घाल. आणि पावडर आधी पाण्यात दोन-तीन मिनिटं नीट उकळ, नुसती विरघळली म्हणून गॅस बंद करू नकोस. एक कप पाण्या-दुधाला सपाट चमचाभर पावडर, म्हणजे डोळा बोटाने दाबला तर परत वर येतो. या कण्यांचं टेन्शन नको, सगळं परत उकळ, वितळतं, वितळायला पंच्याऐंशी अंशांच्या आसपास जावं लागतं म्हणून लॉनवर उकाड्यात पण टिकेल. जिलेटिन तर तळहातावर पाघळतं.

साचा आप्पेपात्राचा घे. तळाला एक चॉकलेट चिप, ती बाहुली. त्यावर खसच्या सरबताचा पातळ थर, जेमतेम बसू दे, पूर्ण थंड झाला तर वरचा थर सुटून येतो. मग गरम पांढरं मिश्रण. उलटं काढलंस की आप्प्यातून डोळा बघत असतो. माझ्या नातवाने एक हातात घेतला आणि रडत बाहेर गेला, मग परत येऊन दोन खाल्ले.

वाशीची_सुगरण
आत्या, चिप गरम सरबतात वितळेल. मनुका घाल.

अवली_आत्या
कोमट ओतायचं गं. मनुका फुगतो.

मीठभाकर
मोठ्या मुलांसाठी काळ्या रंगाला अ‍ॅक्टिव्हेटेड चारकोल कॅप्सूल फोडून घाला, एकदम काळंकुट्ट होतं, आमच्याकडे भुताचे पेढे केले होते.

नेरूळकर
नको. चारकोल औषधं शोषून घेतो, कुणाचं मूल सिरपवर आहे तुम्हाला काय माहीत. डार्क कोको घाला आणि काळे तीळ वाटून घाला, पुरेसं काळं होतं.

मीठभाकर
एका पेढ्यात चिमूटभर असतं हो.

नेरूळकर
बावीस जणांच्या आया तुम्हाला विचारायला येतील तेव्हा चिमूट दाखवा.

खारघरचा_पक्या
ड्राय आइस आणा, धूर काय भारी निघतो!

वाशीची_सुगरण
उणे ७८ अंश असतो तो, पोराने ग्लासातला तुकडा तोंडात टाकला तर? लांब मोठ्या टोपात ठेव, नाहीतर नको.

कॉटन_किंग_कळवा
कपड्यांसाठी जुनी पांढरी चादर, डोळ्यांना दोन भोकं. पण चालताना पायात येते म्हणून गुडघ्यापर्यंत कापा.

शिल्पा_घोडबंदर
कपडे झालेत, थँक्यू. चेटकिणीची बोटं करू का? नानकटाईच्या पिठाची, वर बदामाचं नख?

अवली_आत्या
कर, पण फसशील म्हणून सांगते. नानकटाई पसरते. पहिल्या खेपेला मी माझ्या बोटाएवढी केली तर ओव्हनमधून जाडजूड वांगी बाहेर आली. पेन्सिलीएवढी बारीक वळ, मधल्या पेराला दाबून चिमट, सुरीने दोन आडव्या रेघा, मग तासभर फ्रीजमध्ये. तूप घट्ट असतानाच तापलेल्या ओव्हनमध्ये घाल. नख भाजायच्या आधी दाबून लाव, गार झाल्यावर निसटलं तर ती जागा बिटाच्या रसात पिठीसाखर घोळून भर, नख ओरबाडल्यासारखं दिसतं. लहान मुलांसाठी अख्खा बदाम नको, तिघाचौघांसाठी काप लाव, घशात अडकतो. डोळेसुद्धा त्यांना चार तुकडे करून दे.

शिल्पा_घोडबंदर
आत्या, तुम्ही कुठे राहता, मी येऊन पाया पडते.

अवली_आत्या
ठाण्यातच. आधी बोटं कर.

शिल्पा_घोडबंदर
(शनिवार) अपडेट. बोटं पहिल्या दहा मिनिटांत संपली, तीन मुलींनी आधी नखं खाल्ली आणि बोटं परत ठेवली. डोळे उरतील असं वाटलं होतं पण सगळे बाबालोक उभ्याउभ्या खात होते. शेवाळाचे गोळे कुणी हातात घेईना, मग मी 'राक्षसाचं शेंबूड' असं लिहिलं आणि ताट रिकामं. पांढऱ्या भुतांचं दुसरं कंपाउंड आणलंच होतं, ती फ्रीजमधून काढल्यावर लॉनवर घामाघूम झाली, पण भुतंच ती. आता एक शेवटचं, कोरलेल्या लाल भोपळ्याचा दीड किलो गर पडलाय, टाकवत नाही.

मीठभाकर
घारगे. गूळ आणि कणीक घालून. तळताना गॅस मध्यम.

निवांत७७
घारगे असतील तर प्रमाण द्या.