१९६३ ची अवांटी आर-२ : सुपरचार्जरचा दाब मध्येच अडकतो, उघडण्यापूर्वी काय तपासावे?

अवांटी६३ (इंडियाना)

नमस्कार. माझ्याकडे १९६३ ची स्टुडबेकर अवांटी आहे. इंजिन आर-२ प्रकारचे, म्हणजे २८९ घन इंचांचे व्ही-८ आणि त्याला पुढच्या बाजूने पट्ट्यावर चालणारा पॅक्स्टनचा एसएन-६० सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र). दुसऱ्या गिअरमध्ये चढावर पूर्ण थ्रॉटल दिले की डॅशबोर्डवरील दाबाचा काटा इंजिनाच्या मिनिटाला सुमारे ३००० फेऱ्यांपर्यंत व्यवस्थित चढतो आणि दर चौरस इंचाला दोन-सव्वादोन पौंडांवर थांबतो. त्यापुढे ४५०० फेऱ्यांपर्यंत नेले तरी तो तेथून हलत नाही. पुलीच्या मागे तेलाचा ओलावा दिसतो आणि सुपरचार्जरच्या डिपस्टिकवरचे तेल काळपट झाले आहे. एका कार्यशाळेने संपूर्ण युनिट बदलून नवे बसवण्याचा सल्ला दिला, परंतु गाडीसोबत आलेले मूळ युनिट शक्य तोवर टिकवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे. दोष नेमका कोठे आहे, हे युनिट न उघडता ठरवता येईल का? आणि उघडावेच लागले, तर कोणते भाग बदलणे अपरिहार्य आहे?

जुनेइंजिन (ओहायो)

नमस्कार. आपण आकडे दिलेत हे फार चांगले केलेत, कारण अर्धे निदान त्यांतच आहे.

एसएन-६० हा केंद्रोत्सारी जातीचा, म्हणजे फिरत्या पात्यांनी हवा बाहेर फेकून दाब निर्माण करणारा सुपरचार्जर आहे. या जातीत दाब फेऱ्यांच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, तर साधारणपणे फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४५०० फेऱ्यांना पाच पौंड मिळणार असतील, तर ३००० फेऱ्यांना सुमारे सव्वादोन पौंडच मिळावेत. म्हणजे ३००० पर्यंत आपले युनिट जवळजवळ बरोबर काम करत आहे. नळीतून किंवा कार्ब्युरेटरवरच्या टोपीतून हवा गळत असती, तर दाब सुरुवातीपासूनच कमी राहिला असता, पण फेऱ्यांबरोबर वाढत गेला असता. ठरावीक ठिकाणापर्यंत बरोबर चढून तेथेच सपाट होणे हे घसरण्याचे लक्षण आहे. एक तर पट्टा घसरतो आहे, नाही तर आतला बॉल ड्राइव्ह, म्हणजे पोलादी गोळ्यांनी वेग वाढवणारी यंत्रणा.

पट्टा आधी पाहावा, कारण तो स्वस्त आहे. केवळ ताण तपासून भागत नाही. पट्टा काढून पुलीच्या खाचेचा तळ बॅटरीच्या उजेडात बघा. व्ही-पट्ट्याने खाचेच्या दोन्ही कडांना धरायचे असते. तळ आरशासारखा चकाकत असेल, तर पट्टा झिजून तळाला टेकला आहे आणि कितीही ताणला तरी तो भाराखाली घसरणारच. गाडी न्यूट्रलमध्ये उभी ठेवून पुलीच्या फेऱ्या मोजण्यात मात्र अर्थ नाही, कारण थ्रॉटल जवळजवळ बंद असताना सुपरचार्जरवर भारच येत नाही.

पट्टा काढलेलाच आहे तर दुसरी तपासणीही करून घ्या. हवा आत येण्याची नळी सोडवली की इम्पेलर, म्हणजे हवा ढकलणारे पात्यांचे चाक दिसते. त्यावर खडूने खूण करून पुली हाताने एक पूर्ण फेरी फिरवा. इम्पेलरच्या सुमारे ४.४ फेऱ्या व्हायला हव्यात. नंतर हातमोजा घालून इम्पेलर हलकेच धरून ठेवा आणि पुली फिरवून पाहा. युनिट सुदृढ असेल, तर इम्पेलर हातातून सुटण्यासाठी जोर करतो. पुली मुकाट्याने फिरत राहिली आणि इम्पेलर जागचा हलला नाही, तर बॉल ड्राइव्हची पकड गेली आहे.

या यंत्रणेत दातांची चाके नाहीत, हे ज्यांनी आतून पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आतील रेस (गोळ्या ज्यावर धावतात ते कडे) इम्पेलरच्या दांड्यावर असते, बाहेरील रेस स्थिर असते आणि दोहोंच्या मध्ये पाच पोलादी गोळ्या असतात. पुलीचा दांडा या गोळ्यांना ढकलत फिरवतो आणि गोळ्या आतल्या रेसला वेग देतात. पुलीकडून ६००० फेऱ्या आल्या, तर इम्पेलर २६ हजारांच्या वर फिरतो. ही सगळी शक्ती दाबाखाली सापडलेल्या तेलाच्या अतिशय पातळ थरातून जाते. त्या क्षणी तो थर घन पदार्थासारखा कडक होतो. म्हणून या युनिटमध्ये तेल म्हणजे केवळ वंगण नव्हे, तो यंत्राचा एक भागच आहे. काळपट तेलाचा उल्लेख वाचून माझा संशय बळावला, तो यामुळेच.

एक कळकळीची विनंती. पूर्ण थ्रॉटलची चाचणी पुन्हा करण्यापूर्वी कार्ब्युरेटरच्या टोपीकडून पेट्रोल पंपाकडे जाणारी बारीक नळी तपासा. सुपरचार्जरची हवा कार्ब्युरेटरमधून जात असल्यामुळे त्यातील पेट्रोलच्या फ्लोटच्या भांड्यातही तोच पाच पौंडांचा दाब असतो. पंपाला त्या दाबाची खबर ही नळी देते. ती तडकलेली असेल, तर ऐन भाराच्या वेळी पेट्रोल कमी पडते, मिश्रण पातळ होते आणि पिस्टनला भोक पडेपर्यंत चालकाला पत्ता लागत नाही.

निवृत्त_टूलरूम (पुणे)

अवांटी मी प्रत्यक्ष पाहिलेली नाही, परंतु माझी सारी नोकरी बेअरिंगच्या तपासणीतच झाली, त्यामुळे गोळ्या आणि रेस यांविषयी लिहिणे मला कर्तव्य वाटते.

गोळ्या नेहमी पूर्ण संच म्हणून आणि एकाच मापाच्या बदलाव्यात. पाचांपैकी एक गोळी काही मायक्रॉन मोठी असेल, तर सगळा भार ती एकटी उचलते आणि उरलेल्या चार नुसत्या सोबत फिरतात. विकत घेतलेला संचही मायक्रोमीटरवर मोजल्याशिवाय बसवू नका. रेसच्या मार्गावर नख फिरवा. नखाला अडणारा प्रत्येक खड्डा म्हणजे ती रेस बाद. खड्डा नसेल, पण मार्गाचा रंग तपकिरी किंवा निळसर झाला असेल, तरीही ती ठेवू नये, कारण घसरण्याच्या उष्णतेने पोलादाचा टणकपणा गेलेला असतो आणि असे पोलाद नव्या गोळ्यांखाली थोड्याच दिवसांत सोलू लागते. एमरी कागदाने घासून रेस चकचकीत करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. त्याने खड्डा जात नाही, फक्त मार्गाचा आकार बिघडतो.

जुन्या रेसवर नव्या गोळ्या घालून पैसे वाचवण्याचा सल्लाही कोणी दिल्यास मानू नका.

अवांटी६३ (इंडियाना)

दोघांचाही मनःपूर्वक आभारी आहे. पुलीच्या खाचेचा तळ मंद, काळसर आहे आणि पट्ट्याच्या कडा चांगल्या आहेत. इम्पेलर धरून पुली फिरवली, तर ती जवळजवळ विनासायास फिरते. तेल पांढऱ्या चिनीमातीच्या बशीत काढून उन्हात धरले. त्यात चांदीसारखी बारीक भुकटी तरंगताना दिसली आणि वास करपट होता. पंपाची नळी शाबूत आहे. युनिट उघडायचे ठरवले आहे. तेल कोणते घालावे?

जुनेइंजिन (ओहायो)

भुकटी दिसल्यावर शंकेला जागा राहिली नाही. उघडताना प्रत्येक जोडावर खुणेची रेघ ओढा आणि इम्पेलरच्या पात्यांच्या कडा कवचाला घासल्याच्या खुणा आहेत का, ते आधी पाहा. तशा खुणा असतील, तर दांड्याच्या बेअरिंगा गेल्या आहेत आणि इम्पेलर पुन्हा बॅलन्स केल्याशिवाय बसवू नये. दोन्ही सीले, बेअरिंगा, गोळ्या आणि रेस हे सारे एकदमच बदला. कवचातील तेलाच्या वाटा केरोसीनने धुऊन हवेने फुंकून काढा, कारण तीच भुकटी नव्या रेसची पहिली शत्रू ठरते.

तेलाविषयी : त्या काळात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे टाइप-ए तेल घालत असत. आज ही युनिटे बांधणारे बहुतेक जण टाइप-एफ किंवा खास पॅक्स्टनसाठीचे तेल वापरतात. घर्षण कमी करणारी द्रव्ये मिसळलेली आधुनिक गिअरबॉक्स तेले येथे नकोत. आपल्याला गोळ्यांची पकड हवी आहे. डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा थेंबभरही जास्त भरू नका. जादा तेल घुसळले जाऊन फेसाळते, तापते आणि सीलमधून बाहेर येते. पुलीमागचा ओलावा कदाचित त्यामुळेही असेल, म्हणून युनिटमधील हवा बाहेर सोडणाऱ्या श्वासनलिकेचे तोंडही साफ करून घ्या.

बसवल्यावर पट्टा चढवण्याआधी पुली हाताने बराच वेळ फिरवा, म्हणजे तेल सर्वत्र पोहोचेल. पहिले काही तास अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे जाऊ नका, मग तेल त्याच पांढऱ्या बशीत काढून पाहा आणि ते स्वच्छ असेल तरच चढावावर ४५०० फेऱ्यांची चाचणी घ्या. काटा पाचच्या आसपास गेला की नाही, ते येथे जरूर कळवा.