झेल्डाची अंगाई उलटी वाजवली की दुसरी धून तयार होते, हे खरे असेल तर ती कानाला ओळखू का येत नाही?

सुरपेटी यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. माझी नऊ वर्षांची मुलगी सध्या ‘झेल्डा’ मालिकेतला ‘ऑकारिना ऑफ टाइम’ हा व्हिडिओ गेम खेळत आहे. त्यातली राजकन्या झेल्डाची अंगाई तिला इतकी आवडली, की परवा खेळ मध्येच थांबवून ती माझ्या पेटीशी येऊन बसली आणि एकेक पट्टी चाचपत तिने पहिले तीन सूर बरोबर काढले. पांढरी पाचला षड्ज धरला तर ते सूर ‘ग प रे’ असे येतात. गंधार दोन मात्रा, पंचम एक मात्रा आणि रिषभावर तीन मात्रांचा मुक्काम, त्यामुळे दादऱ्याच्या सहा मात्रांत ही ओळ अगदी सहज बसते. पुढच्या ओळीत ती ‘ग प रें सां प म ग रे’ अशी वर जाऊन हळूहळू खाली येते.

माझा प्रश्न असा आहे. याच मालिकेतल्या ‘स्कायवर्ड स्वॉर्ड’ या खेळाची मुख्य धून, म्हणजे ‘बॅलड ऑफ द गॉडेस’, ही अंगाई उलट्या क्रमाने वाजवून तयार केली आहे असे मी अनेकदा वाचले आहे. दोन्ही धुना मी कित्येकदा ऐकल्या, पण मला त्यांच्यात काहीही नाते जाणवले नाही. ही केवळ चाहत्यांची कल्पना आहे, की माझाच कान कमी पडतो आहे?

मंद्रपंचम यांचे उत्तर:

ही कल्पना नाही, ती गोष्ट खरी आहे. आणि तुमचा कानही कमी पडत नाही. तुम्हीच लिहिलेली दुसरी ओळ शेवटाकडून वाजवून पाहा. ती ‘रे ग म प सां रें प ग’ अशी होईल. मूळ ओळ सुरुवातीलाच गंधारावरून पंचमावर आणि तिथून थेट तार रिषभावर झेप घेते, आणि मग एकेक पायरी उतरत, पाळण्याचा झोका मंदावत जावा तशी, मध्य रिषभावर येऊन थांबते. उलट्या क्रमात मात्र आधी पायरी पायरीने चढण येते आणि झेप नंतर येते. सूर तेच असले, तरी उतरणारी ओळ निजवते आणि चढणारी ओळ उठवून उभे करते. त्यातच ‘बॅलड’ला भरघोस वाद्यवृंदाची साथ आणि मिरवणुकीसारखी ठाम चाल दिलेली आहे, लयीची वाटणीही बदललेली आहे, म्हणून उरलीसुरली खूणही पुसली जाते.

आपल्याकडे भूप आणि देशकार या रागांचे स्वर एकच आहेत, तरीही चलन आणि जोर बदलल्यामुळे जाणकार त्यांना कधीच एक म्हणत नाही. कान नुसते सूर मोजत नाही, तो सुरांची वाट लक्षात ठेवतो.

अंगाईबद्दल आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. ऑकारिना, म्हणजे खेळातले फुंकून वाजवायचे छोटे वाद्य, ज्या पाच मुख्य बटणांवर वाजते, त्यांचे सूर तुमच्या पट्टीत मंद्र पंचम, मंद्र कोमल निषाद, रिषभ, गंधार आणि मध्य पंचम असे येतात. म्हणजे त्यांत षड्जच नाही. खेळातली बहुतेक गाणी संगीतकार कोजी कोंदो यांनी एवढ्या पाच सुरांत बसवली आहेत. खेळाडू ‘ग प रे, ग प रे’ एवढे सहा सूर वाजवतो, तेव्हा तो एकदाही षड्जावर येत नाही. धून रिषभावर लोंबकळत राहते आणि पुढची ओळ खेळ स्वतः पुरी करतो. मुलांना ती पुन्हा पुन्हा वाजवावीशी वाटते, त्याचे एक कारण हे अपुरेपण असावे असे मला वाटते.

जुनी काडतुसे यांचे उत्तर:

मंद्रपंचम यांनी सुरांची बाजू सांगितलीच आहे, मी कथेची सांगतो. पुढे ‘स्कायवर्ड स्वॉर्ड’चे रहस्य येणार आहे, म्हणून हा भाग मुलीला वाचून दाखवू नये, ही विनंती.

ही धून प्रथम याच मालिकेतल्या १९९१ च्या ‘अ लिंक टू द पास्ट’मध्ये आली, जिथे मालिकेचा नायक लिंक झेल्डाला किल्ल्याच्या तळघरातून सोडवतो. तिला अंगाई म्हणून ओळख मिळाली ती १९९८ मध्ये, ‘ऑकारिना’त. तिथे झेल्डाची सांभाळकर्ती इम्पा लिंकला ती शिकवते आणि आपण ती राजकन्येला लहानपणापासून ऐकवत आल्याचे सांगते. त्यानंतर ती धून राजघराण्याशी नाते असल्याची साक्ष होऊन बसते. लिंक ती वाजवतो आणि झोरा लोकांकडे जाणाऱ्या वाटेवरचा धबधबा बाजूला सरतो. ‘विंड वेकर’ या नंतरच्या खेळात चाच्यांची म्होरकी टेट्रा हीच झेल्डा असल्याचे उघड होते त्या प्रसंगी तीच धून वाजते, आणि ज्याला ती आधीपासून ठाऊक आहे त्याच्या अंगावर काटा येतो.

‘स्कायवर्ड स्वॉर्ड’ आला २०११ मध्ये, पण मालिकेच्या अधिकृत कालक्रमात त्याची कथा सर्वांत आधी घडते. त्यातली झेल्डा म्हणजे मानवी जन्म घेतलेली हायलिया देवी. देवीची राजकन्या कशी झाली हे सांगणारा खेळ राजकन्येची अंगाई उलट दिशेने वाजवत देवीच्या स्तवनापर्यंत पोहोचतो. कथा ज्या दिशेने मागे जाते, त्याच दिशेने सूरही मागे जातात. शिवाय ते स्तवन खेळात स्वतः झेल्डाच गाते.

तिसरा प्रहर यांचे उत्तर:

वरील दोन्ही उत्तरे आवडली, पण माझे मत थोडे वेगळे आहे. कोणी सांगितल्याशिवाय जे ऐकू येत नाही, ते संगीत म्हणून कितपत मोजावे? मला याच मालिकेतल्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधली योजना अधिक परिणामकारक वाटते. रात्री घोड्यावरून बराच वेळ दौडत राहिले, की पियानोवर मालिकेची मूळ धून इतकी संथ होऊन येते, की ओळखायला थोडा वेळ लागतो. पण ती ओळखता येते, आणि तीही कोणाच्या मदतीशिवाय.

मंद्रपंचम यांचे उत्तर:

आपला मुद्दा रास्त आहे, पण दोन्हींची कामे निराळी आहेत असे मी म्हणेन. घोड्यावरची धून खेळाडूच्या आठवणीला हाक मारते. उलटी अंगाई रचनाकाराला घाट देते. त्याला नवी धून हवी होती, पण ती परक्या घरची नको होती. ऐकणाऱ्याला नाते कळले नाही, तरी त्या नात्यामुळेच ती धून घडली आहे.

सुरपेटी:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज संध्याकाळी उलटी ओळ आधी अगदी विलंबित, प्रत्येक सुरावर सारख्याच मात्रा देऊन वाजवली, आणि ‘प सां रें’च्या चढणीपाशी मला ‘बॅलड’ची ओळख पटली. मुलीला मी काहीच सांगितले नव्हते. ती शेजारी उभी राहून ऐकत होती, आणि भाता सोडल्यावर तिने विचारले, “बाबा, ही कुणाची आहे?”