रंग भरला म्हणजे मोजमाप झालं असं नाही

संगणकाने हृदयाच्या एमआरआयवर स्नायूतला वण रंगवून दिला की डॉक्टरांनी फक्त सही करायची, हे मत मला पटत नाही. गॅडोलिनियम (एमआरआयत फरक उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) दिल्यावर 10-15 मिनिटांनी वणाचा भाग उजळ दिसतो, खरंय. पण सीमा कुठे धरायची? निरोगी स्नायूच्या सरासरी उजळपणाच्या 5 प्रमाण विचलनं (स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे सरासरीभोवतीच्या चढउताराचं माप) वर, की वणातल्या सर्वाधिक उजळ बिंदूच्या निम्म्या उजळपणावर? त्यानुसार वणाचा आकडा बदलतो. हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथीत (हृदयाचा स्नायू जाड होण्याच्या आजारात) वण डाव्या कप्प्याच्या स्नायूच्या 15 टक्क्यांवर गेला तर आयसीडी (हृदयाचे धोकादायक ठोके ओळखून शॉक देणारं यंत्र) बसवायचा विचार होतो, म्हणजे हा फरक किरकोळ नाही. शिवाय मोठ्या हार्ट अटॅकनंतर काही वेळा वणाच्या गाभ्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या बंद असतात. तिथे गॅडोलिनियम पोचत नाही, भाग काळाच राहतो. नुसता उजळपणा मोजणारी पद्धत नेमका तोच सोडून देते.