केशरी कार्ड आहे पण धान्य नाही, शेजारणीला त्याच रंगाच्या कार्डावर मिळतं, असं कसं?

परभणीची_सून:
आमचं केशरी रेशनकार्ड आहे, घरात पाच माणसं, दोन एकर कोरडवाहू. आधी सासऱ्यांच्या कार्डात नावं होती, मागच्या वर्षी विभक्त कार्ड काढलं आणि तेव्हापासून दाणा नाही. दुकानदार म्हणतो तुमचं नाव मशीनला दिसतच नाही. शेजारणीचं कार्ड पण केशरीच, तिला दर महिन्याला फुकट मिळतं. कुणाला माहिती असेल तर सांगा, दोनदा तालुक्याला जाऊन आले, मजुरी बुडते हो.

जुना_मेंबर:
ताई रंगावर जाऊ नका. कार्डाच्या पहिल्या पानावर शिक्का बघा, "प्राधान्य कुटुंब" असेल तरच माणशी ५ किलो मिळतं, अंत्योदयवाल्यांना माणसं कितीही असोत कार्डाला ३५ किलो. २०२३ च्या जानेवारीपासून हे धान्य मोफत आहे. प्राधान्यसाठी गावात वर्षाचं उत्पन्न ४४ हजाराच्या आत लागतं, शहरात ५९ हजार. आता खरी अडचण म्हणजे इष्टांक, म्हणजे किती लोकांना धान्य द्यायचं याची ठरलेली मर्यादा. राज्याला साधारण ७ कोटी लोकांचाच कोटा आहे आणि तो २०११ च्या जनगणनेवर ठरलाय, म्हणून कुणाचं नाव कमी झालं की मगच नवीन नाव आत जातं. विभक्त झालात की नवीन कार्ड आपोआप प्राधान्यमध्ये जात नाही. उत्पन्नाचा दाखला जोडून पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्याच, तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही.

विदर्भ_शेतकरी:
परभणी आहे ना, मग अजून एक बघा. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा अशा १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना धान्याऐवजी पैसे मिळतात, आधी माणशी १५० होते, आता १७०. कुटुंबप्रमुख बाईच्या खात्यावर येतात, त्यामुळे सातबारा, बँक पासबुक आणि आधार घेऊन तहसीलला विचारा. तुमची पाच माणसं म्हणजे महिन्याला ८५०.

मावशी_लातूर:
आणि सगळ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, करून ठेवा बाई. माझ्या सासूबाईंनी जन्मभर खुरपणी केली, बोटांच्या रेषाच गेल्यात, मशीनवर अंगठा सहा वेळा लावला तरी लाल दिवा. दुकानदार म्हणाला पुढच्या महिन्यात या, त्या ८० वर्षांच्या, उन्हात परत आल्या. मग नातवाने मोबाईलवर मेरा ई-केवायसी अ‍ॅपमध्ये चेहरा दाखवून घरीच केली, पाच मिनिटांत झालं. अंगठा लागला नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला रिकाम्या पिशवीने परत पाठवायचं हे मला अजिबात पटत नाही. दुकानदार टाळत असेल तर रेशनच्या हेल्पलाइनला, १९६७ नंबरवर फोन लावा.

परभणीची_सून:
आत्ताच कार्ड काढून बघितलं, शिक्काच नाहीये कसला. सातबारा ह्यांच्या नावावर आहे, माझं खातं जनधनचं आहे, ते चालेल ना? सोमवारी दोन्ही अर्ज घेऊन जाते, काय म्हणतात ते इथंच लिहिते.